मी जिला समजून घेतलं

आमच्या घराचा वरचा मजला भाड्याने दिलेला आहे. लवळ्याच्या डोंगरावर कॉलेजं आली तसा खालच्या गावांत ज्याच्या त्याच्या घरावर एकेक मजला चढला. आमच्याकडे सहा मुली राहायच्या. मी तेव्हा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. दिवाळीची सुट्टी संपली आणि वरून रोज संध्याकाळी एकसुरी आवाज यायला लागला. आई पडवीत सुपात तांदूळ पाखडत बसलेली असायची. एक दिवस तिने वर बघत विचारलं, "ह्या पोरी आरती म्हनत्यात का गं? रोज तेच तेच."

आरती नव्हती. 'माझा सगळ्यात मोठा दोष म्हणजे मी परफेक्शनिस्ट आहे' हे वाक्य सहा मुली आरशासमोर उभं राहून इंग्रजीत पाठ करत होत्या. त्यातल्या एकीच्या खोलीत खरकटी कढई इतके दिवस पडून होती की शेवटी आईच वर जाऊन ती घासून आली होती. ती मुलगीही परफेक्शनिस्ट होती.

सहाव्या सत्रात आम्हाला कुठल्या तरी कारखान्यात इंटर्नशिप करावीच लागते. कंपन्या कॉलेजात येतात, आधी लेखी परीक्षा घेतात, आणि त्यात पास झालेल्यांची मग बिहेव्हियरल मुलाखत होते. म्हणजे तुम्ही माणूस म्हणून कसे आहात, हे अर्ध्या तासात तपासायचं. त्याची तयारी करून घ्यायला कॉलेजने बाहेरून एक प्रशिक्षक आणले होते. ते भर दुपारीही ब्लेझर घालून यायचे. आमच्यातल्या एकाने त्यांना विचारलं, "सर, तुम्ही स्वतः कुठल्या प्लांटवर होता?" ते म्हणाले, "मी माणसांवर काम करतो."

त्यांनी आम्हाला चाळीस प्रश्नांचा कागद वाटला. तुम्ही नेतृत्व केलं असा प्रसंग सांगा. तुम्ही अपयशी ठरलात असा प्रसंग सांगा. सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत ते सांगा. प्रत्येक उत्तराचे चार तुकडे करायचे: परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलंत, निकाल काय लागला. निकाल नेहमी चांगला लागला पाहिजे. अपयशाचासुद्धा.

"आणि असा प्रसंग आयुष्यात आलाच नसेल तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"आलेला असतो," सर म्हणाले. "फक्त त्याला आकार द्यायचा असतो."

वर्गाने मग आकार द्यायला घेतला. कॉलेजच्या गॅदरिंगला एकदा स्टेजचा एक कोपरा खचला होता. तो खरं तर मांडववाल्याच्या माणसाने खाली दगड सरकवून नीट केला होता. आठवड्याभरात तो कोपरा आमच्या वर्गातल्या चौघांनी सावरल्याचं कानावर आलं. चौघांनी वेगवेगळा, प्रसंगावधान राखून, टीमला सोबत घेऊन. एकाने आपल्या जिवंत आजोबांना मारून टाकलं, कारण 'दुःखातही डेडलाइन पाळली' अशा एका उत्तरासाठी त्याला दुःख कमी पडत होतं.

मी या सगळ्यांना मनातून हसत होते. ही नाटकं शहरातल्या मुलांची, आपण बुवा सरळ, असं मला वाटायचं. आणि मग मतभेदाच्या प्रश्नाला मी माझं स्वतःचं उत्तर लिहायला बसले.

ते उत्तर कशावर उभं होतं, ते आधी सांगते. दुसऱ्या वर्षी आम्हा चौघींचा प्रोजेक्ट होता, पायाने चालवायचं भात झोडायचं यंत्र. सायकलचं पेडल, साखळी, आणि तारांचे आकडे मारलेला एक ड्रम. ते आमच्याच अंगणात तयार झालं, कारण जागा आमच्याकडे होती. चौथी मुलगी धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका धनगरवाडीतून यायची. एसटीने पौडपर्यंत, तिथून दुसरी गाडी. घरी शेळ्या-मेंढ्या. आम्ही तिघी तिच्या पाठीमागे तिला 'वाडीवाली' म्हणायचो. हा शब्द मीच काढला होता. शहरातल्या दोघींना तो सुचला नसता. आम्ही इथल्याच, जमीनवाले. कोण कुठल्या वाडीचं, हे आम्हाला बरोबर कळतं.

सांगाड्याचं सगळं वेल्डिंग तिने केलं. प्रोजेक्ट संपायच्या तीन आठवडे आधी ती यायची बंद झाली. फोन लागत नव्हता, आणि मी दोनदाच लावला होता. मग मी गाईड सरांना मेल केला: ही सदस्य सहभागी होत नाही, तरी तिचं नाव अहवालातून काढावं. सरांनी काढलं. ती परत आली तेव्हा तिला एकटीला वेगळा प्रोजेक्ट देण्यात आला आणि त्यात तिचे मार्क पार खाली गेले. आमचं यंत्र सादरीकरणाच्या दिवशी परीक्षकांसमोर चार पेंढ्या झोडून बंद पडलं, साखळी उतरली. साखळीचं मागचं चाक रेषेत नाही, हे तिने जायच्या आधीच सांगितलं होतं. आम्ही अहवालात 'भविष्यातील सुधारणेस वाव' असं लिहून टाकलं आणि पास झालो.

माझ्या वहीत या हकिगतीचा झालेला आकार असा: टीममधली एक सदस्य मागे पडत होती. मी पुढाकार घेऊन तिच्याशी बोलले. तिच्या अडचणी समजून घेतल्या. तिला झेपेल असं काम वाटून दिलं. ती पुन्हा उत्साहाने कामाला लागली आणि आम्ही प्रकल्प वेळेत पूर्ण केला.

लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं. वाचताना मला स्वतःबद्दल चक्क बरं वाटलं, हे इथे लपवत नाही.

पाठ झालं की नाही बघायला मी आईला समोर बसवलं. फोनवर प्रश्न मराठीत काढून दिले. तिने चष्मा लावला, फोन लांब धरला आणि तलाठ्याच्या ऑफिसात नोटीस वाचावी तसं वाचलं, "तुमच्या सहकाऱ्याशी मतभेद झाला असा प्रसंग सांगा." मी सुरू झाले. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "ही कोन पोर? ती चष्मेवाली का?"

"नाही. ती वाडीची."

"ती? जी काळी काच तोंडावर धरून ठिणग्या उडवत हुती ती?"

"हो, तीच."

"ती कुटं मागं पडली हुती? सगळं तर तीच करत हुती. तुमी तिघी चटईवर बसून व्हता." आईने फोन खाली ठेवला. "आनि तू काय केलंस म्हनलीस?"

"मी कोऑर्डिनेट केलं."

"म्हंजी काय?"

"म्हणजे... सगळ्यांना मेसेज पाठवायचे, कुणाचं काय झालं ते विचारायचं."

"मेसेज," आई म्हणाली, आणि पुढचा प्रश्न न विचारता तिने सूप पुढे ओढलं.

मला राग आला. आईला यातलं काय कळतंय, असं मनाशी म्हणत मी वर गेले आणि परफेक्शनिस्ट मुलींच्या शेजारी आरशासमोर उभी राहून तेच पाठ केलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या आठवड्यात ब्लेझरवाल्या सरांनी वर्गातच सराव-मुलाखती ठेवल्या. एकेकाने पुढे खुर्चीत बसायचं, सर प्रश्न विचारणार, बाकीच्यांनी ऐकायचं. मला मतभेदाचाच प्रश्न आला. मी खुर्चीत ताठ बसले, सांगितल्याप्रमाणे हाताचे पंजे उघडे ठेवले आणि सुरुवात केली. 'तिच्या अडचणी समजून घेतल्या' हे वाक्य आलं तेव्हा माझी नजर सहज तिसऱ्या ओळीवर गेली. ती तिथेच बसली होती, खिडकीच्या कडेला. ती वर्गात असते, हे मला अर्थात माहीत होतं. पण गोष्ट रचताना ती ऐकेल हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माणूस बाकावर होतं आणि पात्र वहीत, आणि दोन्ही एकच आहेत हे मी साफ विसरले होते.

मी थांबले नाही. हेही सांगून टाकते. आवाज तसूभरही हलला नाही, इतकं ते पाठ होतं.

"पाहिलंत?" सर वर्गाकडे वळले. "याला म्हणतात एम्पथी! कुठे तक्रार नाही, कुठे मीपणा नाही." मग त्यांनी यादीत बघून पुढचं नाव पुकारलं. तिचंच.

ती पुढे आली, खुर्चीत बसली. सरांनी तोच प्रश्न विचारला.

"झाला होता मतभेद," ती म्हणाली. इंग्रजीत सुरू करून दुसऱ्या वाक्याला ती मराठीवर आली. "मला टीममधून काढलं. कारण कुणी विचारलं नाही."

प्रोजेक्टमधल्या माझ्या दोघी मैत्रिणी वहीत काहीतरी शोधायला लागल्या.

"नाही नाही," सर म्हणाले. "निगेटिव्ह बोलायचं नाही. कंपनीला तुमची तक्रार ऐकायची नसते."

"मग काय सांगू, सर?"

"त्यातून तुम्ही काय शिकलात ते सांगा."

तिने जरा विचार केला. "चाक रेषेत नाही, हे नुसतं सांगायचं नाही, लेखी द्यायचं. हे शिकले."

सगळा वर्ग हसला. सरही हसले आणि त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: सकारात्मक राहा.

सुटल्यावर मी फाट्यावर रिक्षाची वाट बघत होते. ती चालत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. एवढ्या दिवसांत आम्ही धड चार वाक्यं बोललो नव्हतो.

"माझ्या कुठल्या अडचणी समजून घेतल्यास?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "मला बी सांग की. मला ठाऊक न्हाईत."

मी म्हणाले, "अगं, तो फक्त फॉरमॅट आहे."

आजवर मी बरीच फालतू वाक्यं बोलले आहे, पण याच्याइतकं फालतू दुसरं आठवत नाही.

"आईचा हात मोडला हुता," ती म्हणाली. "चारा काढताना घसरली. शेरडं कोन नेनार? तीन आठवडे मी रानात हुते. तितं रेंज न्हाई. म्हनलं, आल्यावर सांगू. आले तर नाव गायब." तिची गाडी आली. चढताना वळून ती म्हणाली, "आता तुला अडचन कळली. फॉरमॅटमदी घाल."

मी ती घातली नाही, पण गोष्ट बदललीही नाही. मुलाखत चार दिवसांवर आली होती आणि नवी गोष्ट रचून पाठ करायला वेळ नव्हता. त्या वेळी मला हे कारण पुरेसं वाटलं होतं.

कंपनी पिरंगुटच्या बाजूची, गाड्यांचे सुटे भाग करणारी. लेखी परीक्षेतून आमच्या वर्गातले अकरा जण पुढे गेले, त्यात ती आणि मी. मुलाखतीला दोन माणसं होती. एचआरच्या मॅडम, त्यांच्यापुढे छापील तक्ता. आणि प्लांटचे एक वयस्क साहेब, ज्यांना कुणीतरी मशीनवरून उठवून आणल्यासारखं दिसत होतं. मॅडम तक्त्यातून प्रश्न वाचायच्या आणि उत्तर चालू असतानाच आकडा लिहायच्या. मी माझी गोष्ट सांगितली. 'समजून घेतल्या'पर्यंत पोचायच्या आधीच त्यांनी आकडा लिहून टाकला होता. साहेब खिडकीबाहेर बघत होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ड्रिलला धार लावली आहे का कधी?"

मी म्हणाले, "नाही सर, पण मी लवकर शिकते."

"सकाळपासून सगळेच लवकर शिकतात," ते म्हणाले, आणि चहा पिऊ लागले.

माझी निवड झाली. तिची नाही. वरच्या मुलींनी केक आणला. आईने एक तुकडा खाल्ला, गोड फार आहे म्हणाली आणि उठून गेली.

इंटर्नशिपला मी जानेवारीत रुजू झाले. पहिल्या दिवशी मला पिवळं हेल्मेट देऊन मशीनशेजारी फोटो काढला आणि हेल्मेट परत घेतलं. 'तू छान बोलतेस' म्हणून मला एचआरमध्ये बसवलं गेलं. अडीच वर्षांच्या इंजिनिअरिंगचा मी केलेला उपयोग असा: कामगारांच्या वाढदिवसांची यादी ठेवणं, केक सांगणं, केक कापताना फोटो काढणं, फोटोखाली 'एक कुटुंब' असं टाकणं. ज्याचा वाढदिवस असायचा तो ग्रीस लागलेले हात मागे धरून उभा राहायचा आणि मॅडम त्याला घास भरवायच्या. नेतृत्व, मालकीची भावना, बिकट परिस्थितीत घेतलेले निर्णय, यातलं मला तिथे सहा महिन्यांत कुणी काही विचारलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी आमच्याच मुलाखतींचे हाताने भरलेले तक्ते संगणकात चढवायला दिले. मी कुणाचे कागद हाताळतेय याचा त्यांनी विचार केला नसावा. माझा तक्ता वरच होता. एम्पथी, पाचपैकी पाच.

तिचा खाली सापडला. एम्पथी, दोन. शेजारी शेरा: टीमविषयी तक्रारीचा सूर. संवाद, दोन. आणि कागदाच्या तळाशी बॉलपेनने, वेगळ्या खरबरीत अक्षरात: ड्रिलची धार बरोबर सांगितली. कोनही सांगितला. हिला घ्या.

मी तो कागद घेऊन खाली मशीन शॉपवर गेले. साहेब एका माणसाला माप घेऊन दाखवत होते. त्यांचं होईपर्यंत थांबले आणि कागद पुढे केला.

"तुम्ही लिहिलं होतं, हिला घ्या."

"लिहिलं होतं." त्यांनी कागदाला हात लावला नाही. "मी लिहितो. बेरीज वर करतात."

"सर, माझी गोष्ट खोटी होती. टीमची. ज्या मुलीला मी समजून घेतलं म्हणाले, ती हीच. मीच तिला काढलं होतं."

मला वाटलं होतं ते ओरडतील. काहीतरी होईल. ते म्हणाले, "त्या दिवशी अकरा मुलं आली. त्यातल्या सात जणांनी कुणाला ना कुणाला समजून घेतलं होतं." आणि मापाचा गेज माझ्या हातात देऊन म्हणाले, "इथे आलीच आहेस तर हे धर." तेवढी वीस मिनिटं मी त्या कारखान्यात इंजिनिअर होते.

संध्याकाळी मी तिला फोन केला. लागला. ती कोळवणच्या रस्त्यावर एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये होती. कंपनी मिळाली नाही तेव्हा तिने ते स्वतः शोधलं होतं आणि कॉलेजात खेटे घालून ते इंटर्नशिप म्हणून मंजूर करून घेतलं होतं. मी तक्त्याचं सगळं सांगितलं, साहेबांच्या शेऱ्यासकट. माफी मागितली. मेलची, नाव काढल्याची, खुर्चीतल्या गोष्टीची, तिन्हींची वेगवेगळी.

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. मला निदान एखादी शिवी तरी हवी होती.

मग ती म्हणाली, "शनिवारी मोकळी हायेस का? एका फार्महाऊसचं गेट बसवायचंय. लई जड हाय, धरायला मानूस कमी पडतंय."

शनिवारी मी गेले. भातखाचरांच्या मधोमध पुण्याच्या कुणा माणसाने बंगला बांधला होता आणि घराला शोभणार नाही एवढं मोठं गेट त्याला हवं होतं. वर्कशॉपचे दोघं, ती आणि मी, असं चौघांनी ते टेम्पोतून उतरवलं. माझ्या तळहाताची साल गेली. ती खांबाशी उभी राहून खूण बघत होती, दोरी सोडून खांब ओळंब्यात, सरळ उभा आहे की नाही ते पाहत होती. तेवढ्यात मालक बाहेर आले. पांढरी हाफ पँट, हातात कॉफीचा मग. त्यांनी आम्हा चौघांवरून नजर फिरवली आणि बरोब्बर माझ्यापुढे येऊन उभे राहिले, कारण माझ्या अंगावर कंपनीचा टीशर्ट होता.

"मॅडम, हे किती वाजेपर्यंत होईल?"

"त्यांना विचारा," मी तिच्याकडे बोट केलं. "काम त्यांचं आहे. मी धरायला आलेय."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, हसले, आणि परत मलाच म्हणाले, "नाही, म्हणजे अंदाजे?"

असला माणूस कसा ओळखायचा, हे मला कुणी शिकवायला नको होतं. दीड वर्ष मी तोच होते, फक्त हातात मग नव्हता.

तिने मान वर केली नाही. बिजागरी खांबाला लावून धरत म्हणाली, "साहेब, बाजूला व्हा. पायावर पडंल." आणि मला म्हणाली, "तू वरनं धर. हलू नको."

मी धरलं.